गाठोडं उत्तरेच्या घरी

“तीन वर्षं झाली तुला इथं बसवून. ऊन खातूस, धूळ खातूस, जागा खातूस. एक गिऱ्हाईक म्हणून तुला हात लावत न्हाई. आन वरून पुसायचं बी मीच?”

धनश्री गाइडांच्या रॅकमागं होती, ती जागीच थांबली. दुकानात दुसरं कुणी दिसत नव्हतं. मग हा माणूस तक्रार करायलाय कुणाजवळ? तिनं दोन गाइडांच्या फटीतून डोकावून पाहिलं. पाठमोरा उंच मुलगा, हातात फडकं, आणि समोर काउंटरवर पृथ्वीचा गोल.

“आन तुझी तर कमालच हाय,” तो गोलाला म्हणाला, “अमेरिका बघा, काल आणल्यासारखी. आपल्याकडची बाजू मात्र पार पांढरी करून टाकलीस. सेलू ऱ्हाऊ दे, अख्खा मराठवाडा गेला की रं.”

“अधनंमधनं फिरवून ठेवला असता तर नसता गेला,” रॅकमागून धनश्री म्हणाली. “चूक गोलाची न्हाई. दुकानदाराची हाय.”

फडकं खाली पडलं. मुलगा वळला. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, आणि त्यांच्याखाली चोरी पकडल्यासारखे दोन डोळे.

“तुमी कव्हा आलाव?”

“पृथ्वी जागा खायली होती ना, तेव्हा.”

हसू दाबायला तिनं कागद पुढं केले. झेरॉक्स हव्या होत्या, चार-चार. त्यानं पासपोर्ट काचेवर ठेवला, झाकण पाडलं, बटण दाबलं आणि लाईट गेली.

“कधी येईल?”

“ती काय सांगून जाती का?” तो म्हणाला. मग पासपोर्टकडं न पाहिल्यासारखं पाहत, “फॉरेनला जायलाव?”

“टेक्सासला. कापसावर शिकायला.”

“सेलूतून? कापूस शिकायला?”

“आमची आज्जी पण हेच म्हणती. कोपऱ्यावर सरकी काढायची जिनिंग हाय, म्हणती, बघून ये आन दुपारच्या जेवणाला घरी ये.”

तो हसला. काही माणसं नुसती तोंडानं हसतात. हा खांद्यांसकट हसला, आणि कुठल्याही जाणत्या मुलीनं जे करू नये ते धनश्रीनं केलं. तिनं ते हसणं नीट, शेवटपर्यंत बघून घेतलं.

“किती लांब हाय?” त्यानं विचारलं.

“हैदराबाद ते डल्लास, विमानाच्या वाटेनं चौदा हजार किलोमीटरच्या वर. मोबाइल तर तसंच सांगतोय.”

“मोबाइलचं सोडा. लाईट येईस्तोवर आपण मोजू की.” त्यानं पुडे बांधायच्या रिळाचा हातभर दोरा तोडला. “धरा हे टोक. बोट सेलूवर ठेवा.”

“सेलू कुठंय? उन्हानं खाल्लंय ना तुमच्या.”

“ठेवा अंदाजानं. आपण ठेवू तिथं सेलू.”

दुसरं टोक घेऊन तो गोलाच्या पलीकडं गेला. धनश्रीला वाटलं, दोरा जाईल मुंबईवरून, अरबस्तानावरून, मग आफ्रिका, मग तो मोठा समुद्र. शाळेत भिंतीवरच्या नकाशात अमेरिका तिकडंच होती, डाव्या हाताला. पण त्यानं दोरा ताणला आणि तो सरकला. हिमालय चढला, रशिया ओलांडला, थेट वर जाऊन गोलाच्या स्क्रूलाच अडकला.

“चुकलं,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा ताणला. पुन्हा वरच.

“ताण दिला की उत्तरेलाच जायलाय,” तो म्हणाला. “मलाबी आजच कळलं. म्हणजे तुमचं टेक्सास आपल्या डोक्यावरनं पलीकडं, सरळ उत्तरेला.”

मध्ये गोल, गोलाच्या अलीकडं एक चेहरा, पलीकडं एक. लाईट आली. मशीन घरघरायला लागलं. तरी सेलूवरचं बोट उठेना, आणि टेक्सासवरचंही…

हे झालं माघातलं. त्याच दिवशी सांजेला धनश्री परसात वाळत घातलेले कपडे काढायला गेली, तर मागच्या भिंतीपलीकडं कुणीतरी सदऱ्यांच्या घड्या घालत होतं.

“दुकानदार? तुमी इथं?”

“ऱ्हायला हाव इथं, दिवाळीपासून. तुमी तिथं?”

“जन्मापासून.”

ती आठवडाभर परभणीला विद्यापीठाच्या वसतिगृहात असायची, म्हणून तिला ठाऊक नव्हतं. श्रीशैल तीन वर्षं दुकानातच राहायचा; दिवाळीत त्याची आई कस्तुराबाई पालमहून आल्या आणि दोघं धनश्रीच्या पाठीमागच्या घरात राहायला आले. ती भिंत नेमकी उत्तरेची. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. भिंती काय, चारी बाजूंना असतात.

मग वसतिगृह सुटलं, धनश्री घरी आली आणि कपडे वाळत घालायचं काम तिनं आपण होऊन मागून घेतलं. आज्जीला, बसम्माला, नवल वाटलं. जी पोरगी उन्हात उभी राहत नव्हती तिला आता ऊन गोड लागत होतं. भिंतीवरून काहीबाही जायचं. इकडून शेंगदाण्याची चटणी, तिकडून वाटी परत, वाटीत गुळाचा खडा. बोलणंही असंच, वाटीभर.

“पालम किती लांब हो, दुकानदार?”

“किलोमीटरनं विचारलं तर काहीच न्हाई. पर थेट यष्टी सापडंना. इथं बदला, तिथं बदला. सकाळी निघालेलं माणूस दुपारी टेकतंय. मला इचाराल तर लांब तेच गाव, जिथं थेट गाडी न्हाई.”

“मग टेक्सास तर लयच लांब. आधी हैदराबादची रेल्वे, मग दोहा, मग डल्लास, मग तिथनं छोटं विमान.”

“तेच तर,” तो म्हणाला, आणि उगाच वाळलेला टॉवेल पुन्हा झटकला.

तेच तर. त्या दोन शब्दांच्या पुढं तो जात नव्हता, आणि तीही. तो म्हणत नव्हता, कारण आपला शब्द तिच्या पायात अडकेल. ती म्हणत नव्हती, कारण ‘माझ्यासाठी थांबा’ म्हणायचा आपल्याला काय हक्क. तिचे वडील वीरभद्रअप्पा कापसाची अडत सांभाळत. बायको गेल्यावर पोरीला त्यांनी तळहातावर वाढवलेलं. त्यांना दिसत सगळं होतं. पण लग्नाचा विषय काढला तर पाहुणेरावळे म्हणणार, मग आता कशाला धाडता शिकायला? म्हणून तेही गप्प. कस्तुराबाई गप्प, कारण मुलाकडच्यांनी मागणी घातली तर पोरीच्या शिक्षणावर डोळा ठेवला असं व्हायला नको. सगळीच भली माणसं. म्हणून सगळीच मुकी.

आषाढात तिकीट आलं आणि घरात एकच गलका झाला. बसम्मानं पंचांग बघवून घेतलं होतं. जायचा दिवस अवसेचा, दिव्याच्या अवसेचा.

“अवसेला मी शेजारणीला सुई देत न्हाई,” बसम्मा म्हणाली, “आन तुमी पोरगी द्यायलाव विमानाला?”

तारीख बदलेना. शेवटी मठातल्या स्वामींनी वाट काढली, जुनीच. प्रस्थान ठेवायचं. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं गाठोडं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. एक वापरलेला कपडा, मूठभर तांदूळ, हळकुंड, विभूतीची वडी. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघालं असं धरायचं. मग खुशाल अवसेला जावं. फक्त जाताना त्या घरून गाठोडं उचलायचं आणि तिथूनच पुढं. आपल्या उंबऱ्यात माघारी पाय ठेवायचा नाही. स्वामींनी सोमवारची सकाळ दिली, आणि जाता जाता एक अट घातली. गाठोडं ठेवायचं ते घर जायच्या दिशेला असावं.

आता जायची दिशा कोणती?

पश्चिमेला नागनाथमामांचं घर होतं. मामा नात्याचे कुणी नव्हते, गल्लीचे मामा. रविवारी ते ओसरीवर येऊन ऐसपैस बसले. “यात काय इचार करायचा? विमान जातंय दोहाला. दोहा कुठं? पश्चिमेला. पश्चिमेला घर कुणाचं? माझं. आन तिकडं उतरवून घ्यायला कोण येणार? डल्लासचा माझा भाचा. एकुलता एक हाय, स्वतःचं घर हाय, अजून लग्नाचा हाय. सगळं शिवानंच जुळवून आणलंय.”

मामांचा भाचा वाईट होता असं नाही. त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. पण मामांच्या देव्हाऱ्यात गाठोडं गेलं की त्याच्या मागोमाग बैठक येणार, बैठकीमागून सुपारी. ते सगळ्यांना कळत होतं. शकुनाचं गाठोडं म्हटल्यावर ‘नको’ तरी कसं म्हणायचं? धनश्रीनं अप्पांकडं पाहिलं.

“पर आधी रेल्वे हैदराबादला जाती,” अप्पा चाचरत म्हणाले, “ते तर पार… दक्षिणेकडं येतंय.”

“दक्षिणेचं नाव काढू नको, ईरभद्रा,” बसम्मा म्हणाली. “ती यमाची दिशा. पोरगी शिकायला जायलीय.”

“म्हणूनच म्हणतो, पश्चिम,” मामा म्हणाले.

धनश्री उठून परसात गेली. भिंतीपलीकडं श्रीशैल उभा होता. सदरे नव्हते, टॉवेल नव्हता, रिकामा दोर धरून उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या कानांवरून दिसत होतं. लालभडक झाले होते.

“दुकानदार,” ती म्हणाली, “तुमचं ते खाऊन-पिऊन बसलेलं कुठंय?”

एक क्षण त्याला कळलं नाही. मग कळलं. तो धावला.

थोड्या वेळानं खांद्यावर पृथ्वी घेऊन श्रीशैल ओसरीवर आला. धापा टाकत होता. “आज्जी, एक बघता का?”

“हे काय पोरखेळ,” मामा म्हणाले.

“पोरखेळच हाय, मामा. पर मापाचा हाय.”

त्यानं दोरा काढला. माघातलाच होता, सेलू ते टेक्सास मापात तोडलेला. रिळावर नवा दोरा असताना यानं हा कशाला जपून ठेवला, हे विचारायची ती वेळ नव्हती. धनश्रीनं आज्जीचं बोट सेलूच्या अंदाजावर टेकवलं, दुसरं टोक तिच्या दुसऱ्या हातात दिलं आणि टेक्सास दाखवलं. बसम्माला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण सारा जन्म वाती वळलेले हात ते. दोरा कुठं ढिला, कुठं ताठ, ते हातांना कळत होतं. तिनं ताणला. दोरा सरकला, चढला आणि वरच्या स्क्रूशी जाऊन थांबला.

“वरी गेला गं,” ती म्हणाली.

“उत्तरेला,” श्रीशैल म्हणाला.

मामांनी दोरा घेतला. मुंबईवरून, अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून स्वतःच्या हातानं बसवत नेला. समुद्रातच संपला. त्यांनी ओढून पाहिला, पुन्हा लावला. टेक्सास बोटभर उरलंच.

“पुरंना,” बसम्मा म्हणाली.

“पर विमान तर दोहावरून—”

“विमान जाईना का काशीवरून. ते वाहनाचं झालं, नागनाथा. गाव कुण्या दिशेला हाय ते दोरा सांगायलाय.” तिनं दोरा गुंडाळून श्रीशैलच्या हातात ठेवला. “उत्तरेला कोण ऱ्हातंय?”

सगळ्यांना माहीत होतं. मग परसाच्या भिंतीवरून कस्तुराबाईंचा आवाज आला.

“आमचा देव्हारा म्या सकाळीच पुसून ठेवलाय, बसम्माकाकू.”

सकाळी मामा आले नव्हते, पृथ्वी आली नव्हती, दिशाही ठरली नव्हती.

सोमवारी गाठोडं उत्तरेच्या घरी गेलं. आणि धनश्री तिच्याच घरात पाहुणी झाली. बसम्मा तिला भांडं घासू देईना. “तू गेलीस आता. निघालेल्या माणसाला काम सांगू नये.” दळण नाही, झाडणं नाही. राहिली ती फक्त भिंत. पावसाची बारीक झड लागली होती. तिच्या हातात छत्री, तो पत्र्याच्या वळचणीखाली. कपडे वाळायची आशा नव्हती, तरी दोघंही दोर बघायला येत होते.

“माझं गाठोडं बरंय का?”

“बरंय. जेवलं, झोपलंय.”

“त्रास न्हाई ना देत?”

“घोरतंय थोडं. आन कालपासून रुसलंय.”

“कामून?”

“मनतंय, मला इथंच करमायलंय. उगा उठवू नका.”

छत्रीवरून पाणी ओघळत होतं. धनश्रीनं ती जरा मागं केली. चेहरा दिसावा म्हणून. “दुकानदार… तुमाला काही सांगायचं राहिलंय का?”

त्यानं वळचणीच्या धारेखाली हात धरला. “तुमच्या ब्यागा भरल्या ना?”

“भरल्या.”

“वजन बरोबर बसलं?”

“काट्यावर.”

“मग ऱ्हाऊ द्या,” तो हळू म्हणाला. “माझ्या शब्दाचं वजन त्यात कशाला?”

ती घरात आली आणि डोकं कोरडं असूनही बसम्मानं ते पुसून दिलं. भरलेली ब्याग कोपऱ्यात उभी होती. धनश्रीच्या मनात आलं, बाई गं, वजन तर न सांगितलेल्या शब्दाचंच असतं. सांगितलेला शब्द काय, बोटाच्या टोकावर मावतो.

अवसेच्या सांजेला सगळे उत्तरेच्या घरी जमले. कस्तुराबाईंनी घासूनपुसून समया, निरांजनं, कंदील, होते नव्हते तेवढे दिवे पाटावर मांडून लावले होते. कणकेच्या दिव्यांचा गोड वास येत होता. पाऊस उघडला होता. रिक्षा दाराशी उभी, ब्यागा तिच्यात. अप्पा मोबाइलवर गाडी कुठं आली ते बघत होते. मामाही आले होते, रुसवा घरी ठेवून. गल्लीची पोरगी जात होती शेवटी.

श्रीशैलनं देव्हाऱ्यातून गाठोडं आणलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. आता ते उचललं की पायरी, पायरीखाली रिक्षा, मग हैदराबाद, मग चौदा हजार किलोमीटर.

तिनं हात पुढं केला, पण उचललं नाही.

“एक मोजायचं राहिलं, दुकानदार. येतानाची वाट कुण्या दिशेची?”

“तीबी उत्तरेचीच.”

“जाताना उत्तर, आन येताना पण?”

“दोरा तोच हाय ना. त्या टोकाकडून धरला तरी आधी वरच चढतो.”

“म्हणजे मोजून झालंय तुमचं.”

“व्हय,” तो गाठोड्याकडं पाहत म्हणाला. “रोजच मोजतो.”

कस्तुराबाईंनी घाईनं समईची वात सारखी केली. ती सारखीच होती. अप्पा म्हणाले, गाडी मानवतरोड सोडायलीय. लगेच म्हणाले, न्हाई, ते तर सेलूच्या पुढचं ठेसन, गाडी अजून अलीकडंच हाय. मामांनी घसा खाकरला आणि ब्यागेचं कुलूप ओढून पाहिलं. प्रत्येकाला एकदम काहीतरी काम निघालं. बसम्मा तेवढी पाटाशेजारी बसून होती, हातावर हात ठेवून.

“मला म्हातारीला एक सांगा,” ती म्हणाली. “जिथनं गाठोडं उचललं, माघारी येऊन तिथंच टेकायचं असतंय. मग ही पोरगी माघारी आली की उतरायची कुठं?”

दिवे शांत जळत होते. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. उत्तर सगळ्यांकडं होतं, एकच, आणि प्रत्येकजण ते दुसऱ्यानं म्हणावं म्हणून थांबला होता. थेट गाडी कुणाचीच नव्हती. इथं बदला, तिथं बदला.

धनश्रीनं गाठोडं घेतलं, छातीशी धरलं आणि वडिलांकडं वळली.

“अप्पा, शिकायला मी जाणार हाय. त्यात बदल न्हाई. कुणासाठीबी न्हाई. पर शिकून झालं की मी ह्याच घरात येणार. पाहुणी म्हणून न्हाई.”

अप्पांनी मोबाइल खिशात टाकला. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा दिसत होता.

मग ती त्याच्याकडं वळली. माघापासून आजवर तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती.

“श्रीशैल,” ती म्हणाली, “मला तुमी पायजेत.”